वाचक विचारतात : खाली खानावळ, वर सोलर

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं दुमजली घर आहे. तळमजल्यावर तीस-चाळीस माणसांची खानावळ काढायची आहे आणि गच्चीवर सोलरही बसवायचं आहे. परवानगी एकच लागते का? आधी काय करावं?

उत्तर : परवानग्या वेगळ्या. दोन्हींची गाठ पडते ती मीटरपाशी, आणि घोळही तिथेच होतो.

आधी खानावळीचं. आपल्याकडे ‘झोन’ म्हटलं की माणूस महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे वळतो. इथे हवा तो शहराच्या विकास योजनेतला झोन, म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर. महापालिकेच्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे किंवा गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रहिवासी पट्ट्याचे आर-१ आणि आर-२ असे भाग आहेत आणि ते मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. रुंद रस्त्यावरच्या आर-२ मध्ये हॉटेलसारख्या वापराला जास्त मोकळीक आहे. रुंदी धरायची ती मंजूर लेआउटवरची. टेप लावून डांबर मोजत बसू नका.

मग घराचा मंजूर नकाशा काढा. त्यावर तळमजला ‘पार्किंग’ असेल तर तिथे टेबलं मांडता येणार नाहीत. अर्ज अडकतो तो बहुधा इथेच. वापर बदलासाठी परवानाधारक अभियंत्याकडून सुधारित नकाशा करून घ्यावा लागतो आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांची जागाही त्यात दाखवावी लागते. बाकीचं तुलनेनं सोपं आहे. अन्न नोंदणी किंवा परवाना उलाढालीनुसार मिळतो. कामगार मोजकेच असतील तर शॉप ॲक्टला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच हवा. १०० किलोपर्यंतच्या साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे पाच टाक्या, ९५ किलो. सहावी आणलीत की हद्द ओलांडली.

आता मीटर. घरच्या मीटरवर खानावळीचा फ्रीज आणि ग्राइंडर चालवलात तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दरानं आकारणी होते. सुरुवात कधी झाली हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. म्हणून खानावळीला स्वतंत्र व्यावसायिक जोडणी आधी घ्या, सोलर त्यानंतर. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती जोडणीलाच आहे : पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही बसवा, ७८,००० वर थांबतं. पॅनेल देशात बनलेल्या सौर सेलचीच लागतात. एका किलोवॅटमागे महिन्याला साधारण १२० युनिट धरा. खानावळ वेगळी झाल्यावर घराचा वापर २४० युनिट उरला तर दोन किलोवॅट भरपूर झाले. विक्रेता पाच सुचवेल, पण वापरून उरलेली, वीज कंपनीच्या तारेत गेलेली जादा युनिटं बिलात ३१ मार्चपर्यंतच पुढे सरकतात. उरलेल्यांना मिळणारा भाव आपल्या बिलातल्या दरापेक्षा कमी असतो.

प्रश्न : शेजारच्या हॉटेलची चिमणी आमच्या गच्चीकडे तोंड करून आहे. पॅनेल धुऊनही वीज कमीच येते.

उत्तर : काचेवरून बोट फिरवा. नुसती धूळ असेल तर झटकून जाते, फोडणीच्या तेलाची काजळी चिकटते. तिच्यावर धूळ बसली की थर धरतो आणि नुसत्या पाण्यानं तो पसरतो, निघत नाही. कोमट पाण्यात लिटरला चार-पाच थेंब भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ स्पंज घ्या. काथ्या किंवा तारेची घासणी नको. सकाळी ऊन चढायच्या आत उरका. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात, तेव्हा शेवटचा हात नळाच्या साठवलेल्या पाण्यानं मारा. खालच्या चौकटीला लागून दोन बोटं रुंद चिखलाची पट्टी साचते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती खालची सेल झाकते आणि एका माळेतल्या बाकीच्या पॅनेलचाही प्रवाह खाली ओढते.

हॉटेलवाल्याला आधी तोंडी सांगा : धुराड्याला तेल पकडणारी जाळी बसवा, ती वेळच्या वेळी धुवा आणि नळकांडं आमच्या गच्चीच्या वर न्या. ऐकलं नाही तर झोन कार्यालयात आणि महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी तक्रार द्या. ‘त्रास होतो’ एवढंच लिहू नका. धुण्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीची युनिटं सोलरच्या इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राच्या) ॲपमधून काढून फोटोंसोबत जोडा. दोन्ही दिवस स्वच्छ उन्हाचे हवेत.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या माळवदावर पॅनेल चालतील का?

उत्तर : थेट माळवदावर नकोत. ५४० वॉटचं पॅनेल साधारण २८ किलोचं, सहा मिळून पावणेदोनशे किलो होतात. वजनाहून मोठी भीती वळवाच्या वाऱ्याची. तो पॅनेल खालून उचलतो, आणि मातीत बोल्ट धरत नाही. शिवाय भोक पाडलं की पहिल्याच पावसात घरात माती गळते. लोखंडी गर्डर भिंतीवरून भिंतीवर टाकून त्यावर सांगाडा उभा करा. भिंती दगड-मातीच्या असतील तर आधी अभियंत्याला दाखवा. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश.

प्रश्न : सोलर असूनही लाइट गेली की घरात अंधार का?

उत्तर : तारेवर वायरमन काम करत असतो. तुमच्या पॅनेलची वीज उलट तारेत जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल.