आधी फेरफार वाच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आणि तुझे बाबा येऊन गेलात, तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे. बाबा समोर होते तोवर तू गप्पच होतीस. निघताना जिन्यात चपला घालता घालता हळूच विचारलंस, "काका, मालमत्तेचं अर्थशास्त्र आणि कायदा अशी जोडपदवी घेतली, की धड वकील नाही आणि धड अर्थतज्ज्ञ नाही, असं तर व्हायचं नाही ना?" मी "छे गं" म्हणालो आणि दार लावून घेतलं. ते काही उत्तर नव्हतं.

तू हुशार आहेस, कष्ट करशील, हे लिहिण्यात शाई घालवत नाही. सिडनीला जायचं, की इथेच पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करून जोडीला अर्थशास्त्र शिकायचं, हा बराचसा पैशाचा प्रश्न आहे. तो तू आणि बाबा बसून सोडवा. तिकडची कायद्याची पदवी घेऊन इथे वकिलीची सनद हवी असेल तर बार कौन्सिलची मान्यता आणि पात्रता परीक्षा आहे, तेवढं आधीच बघून ठेवा. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. चहा पिताना तू म्हणालीस, "मला किंमत काढायला आवडतं, कायदा म्हणजे नुसतं पाठांतर वाटतं." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

किंमत कशाची काढणार आहेस?

हवेली तालुक्यात एकाच बांधाला लागून दोन वावरं आहेत, मी स्वतः फिरून आलोय. माती तीच, विहीर सामाईक, गाडीरस्ता एकच. एक भोगवटादार वर्ग १, म्हणजे मालकाला मोकळेपणी विकता येणारं, दुसरं वर्ग २, म्हणजे सरकारी शर्तींनी बांधलेलं. हे दुसरं म्हणजे १९५८ च्या कायद्याने खालसा झालेलं वतन, म्हणजे पूर्वी गावकामाच्या मोबदल्यात मिळालेलं वावर, त्याच घराला नवीन शर्तीवर परत दिलेलं. बिगरशेतीसाठी विकायचं तर कलेक्टरची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. परवानगी न घेता मधेच कुणी व्यवहार केला असेल तर शर्तभंगाची टांगती तलवार. पाय ठेवलास तर दोन्हीकडे सारखीच ढेकळं लागतील, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक तुझ्या अर्थशास्त्राच्या कुठल्या आलेखात बसवशील? बाजारात मातीला मोल नसतं गं, मातीवरच्या हक्काला असतं. तो हक्क आत्ता कोणाकडे आहे एवढं सातबारा सांगतो. तो त्याच्याकडे कसा आला, हे फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत असतं.

म्हणून फेरफार वाच. पत्रात हे मी अजून चार वेळा लिहीन, तू कंटाळशील, तरी लिहीन.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. फेरफार म्हणजे नमुना सहा, तो कोणी उघडत नाही. सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ना, ते फेरफाराचे नंबर. त्या प्रत्येक आकड्यामागे घरातला एक मृत्यू, एक वाटणी, एक सोसायटीचं कर्ज किंवा एक खरेदीखत असतं. शेवटच्या रकान्यात शेरा असतो: नोटीस बजावली, मुदतीत हरकत नाही, सबब नोंद मंजूर. नोटीस नेमकी कोणाला बजावली, ते वाच. ज्या बहिणीला बजावायची तिची सही आहे का, की कोणीतरी 'घरी सांगितले' एवढंच लिहिलंय, ते वाच.

आता माझी गोष्ट सांगतो. हिच्यामुळेच मी हे पत्र लिहायला बसलो.

१९९१ मध्ये आजोबा गेले. मुळशी तालुक्यात वडिलोपार्जित सहा एकर. माझे वडील एकटे भाऊ, दोन आत्या, आजी आधीच गेलेली. वारसनोंद झाली ती तेव्हा सगळीकडे व्हायची तशीच: वडिलांचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या जागी, आणि दोन्ही आत्यांची नावं बाजूच्या 'इतर हक्क' रकान्यात. पुढच्या वर्षी वडील म्हणाले, "हक्कसोड करून घे." म्हणजे आत्यांनी आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. मला सनद मिळून तीन वर्षं झाली होती. घरातल्या जमिनीचा दस्त मी लिहितोय याचा मला अभिमान वाटला होता. भोरहून दोघी एसटीने आल्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मोठीने सही केली. धाकटीचा अंगठा मीच शाईत धरून टेकवला. घरी जेवणं झाली, आईने दोघींना लुगडी दिली. स्वारगेटला सोडायला गेलो तर धाकटी आत्या विचारते, "बाळा, यात माझं किती होतं रे?"

मला माहीत होतं. त्या वेळच्या कायद्याने आधी आजोबा आणि वडील यांच्यात वाटणी झाली असं धरायचं, म्हणजे आजोबांचे तीन एकर. त्या तिनाचे तीन वारस. प्रत्येक आत्याचा सहावा हिस्सा, एक एकर, चाळीस गुंठे. परीक्षेत हे गणित मी डोळे मिटून सोडवलं असतं. तिला म्हणालो, "आत्या, सामाईकच आहे सगळं, त्यात काय मोजायचं?"

काही वर्षांनी हिंजवडीला आयटी पार्क आलं आणि तिकडच्या डोंगराकाठच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनींनाही भाव फुटला. २००३ मध्ये वडिलांनी जमीन विकली. तू रविवारी ज्या खोलीत बसली होतीस, तो कोथरूडचा फ्लॅट त्यातूनच आला. धाकटी आत्या भोरला दोन खोल्यांत वारली. शेवटपर्यंत राखीला येत राहिली.

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. दस्त नोंदलेला होता, आजही कोर्टात टिकेल. तेव्हा घरोघरी हेच चालायचं, माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करायच्या. वडिलांपुढे बोलायची माझी टाप नव्हती. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण आत्याने प्रश्न मला विचारला होता, वडिलांना नाही. हिस्सा मला काढता येत होता. त्या चाळीस गुंठ्यांना आज काय मोल आहे, रस्ता आला, कारखानदारी आली तर उद्या काय येईल, हे मला येत नव्हतं आणि शिकून घ्यावंसंही वाटलं नाही. किंमत हे दलालाचं काम, आपलं काम कलमं, असं आम्ही वकील मानायचो. तू आज नेमकी उलटी बाजू धरून बसली आहेस आणि तितकीच चुकते आहेस.

पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये सगळ्या देशाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. विनीता शर्मा खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये बाप हयात असायची गरज नाही. अशा एका निकालाने हजारो जमिनींचे भाव हलतात. इतर हक्कातल्या एका नावापायी अख्खा प्रकल्प अडतो, बँक हात आखडते, फ्लॅट घेणारा हप्ते भरत बसतो. आता सांग, हा कायदा की अर्थशास्त्र? तुला वेगळं काढता आलं तर मला कळव.

आत्याच्या त्या प्रकरणानंतर मी हट्टी झालो. जमिनीची मालकी तपासणाऱ्या सर्च रिपोर्टला तीस वर्षांचा सर्च पुरतो, असं सगळे म्हणतात. आजपासून तीस वर्षं मागे गेलीस तर नव्वदीच्या दशकात थांबशील. कुळं ज्या दिवशी जमिनीची मालक मानली गेली, तो १ एप्रिल १९५७ त्याच्याही मागे राहतो. वतनं मागे राहतात, सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पाडणारी एकत्रीकरण योजनाही मागे राहते. मी पहिल्या फेरफारापर्यंत जातो. जुने पुष्कळदा मोडी लिपीत असतात. पन्नाशी उलटल्यावर मोडी शिकलो, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, तू आत्ताच जा. एकदा मी चार बहिणींच्या गावी माणूस पाठवून त्यांना विचारून घेतलं, तर एका बिल्डरने काम काढून घेतलं. उशीर होतो म्हणाला. होऊ दे उशीर!

तुला वाटेल, म्हातारा एकच धोशा लावतोय. मग आपल्याच जिल्ह्यातलं ऐक. १८३० च्या आसपास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमीन मोजून शेतसारा बसवला. रिकार्डो या अर्थतज्ज्ञाचा खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा सिद्धांत शिकून आलेला, हिशेबाचा पक्का माणूस. निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, अशी त्याची पद्धत. कागदावर सुरेख. पण खालच्या कारकुनांनी मोजण्या आणि नोंदी खोट्या केल्या होत्या, उत्पन्नाचे आकडे फुगलेले होते. सारा झेपेना, इंदापूरकडे लोक शेतं टाकून गेले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना तिथूनच नव्याने सुरुवात करावी लागली. प्रिंगलच्या सिद्धांतात खोट असेल-नसेल, ज्या नोंदींवर तो उभा केला त्या त्याला तपासता आल्या नाहीत. तू किंमत काढशील तीही कोणाच्या तरी नोंदीवरच उभी राहील.

सिडनीला गेलीस तर तिथे तुला टोरेन्स पद्धत शिकवतील. रॉबर्ट टोरेन्सने १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ती आणली. जहाजांची मालकी जशी एका नोंदवहीत ठरते तशी जमिनीची ठरवायची. वहीत नाव आलं की तोच मालक, मागची साखळी तपासायची गरज नाही, हमी सरकारची. आपल्याकडे महसुली नोंद खरी धरतात ती खोटी ठरेपर्यंतच. तिथल्या स्वच्छ वहीवर तुझं मन बसेल, बसू दे, शिकण्यासारखीच आहे ती. पण त्याच देशात १९९२ मध्ये माबो खटल्यात हायकोर्टाला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावं लागलं, की गोरे आले तेव्हा ती भूमी कोणाचीच नव्हती हे खरं नाही, मूळ लोकांचा तिच्यावर हक्क होता. वही चोख होती गं. तिचं पहिलं पान उघडायच्या आधीचा फेरफार कोणी लिहिलाच नव्हता. तिथेही वाच.

पुण्यात राहिलीस तर लॉ कॉलेज रस्त्यावर १९२४ चं आयएलएस हे कायद्याचं कॉलेज आहे आणि चालत जाण्याएवढ्या अंतरावर १९३० ची गोखले अर्थशास्त्र संस्था. मी त्या रस्त्याने वर्षानुवर्षं सायकल मारली, गोखले संस्थेच्या फाटकातून कधी आत गेलो नाही. तू जा. पदव्या एका कागदावर मिळोत की दोन, मला त्याचं काही नाही. आणि कामाला सातबाऱ्याचा उतारा आणि सरकारी दरांचा रेडीरेकनर पुरतो असं सांगणारा भेटला तर तिथून उठ. आता तर 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, 'आपली चावडी'वर चालू नोंदी दिसतात. आम्ही तलाठ्याच्या दप्तरापुढे दिवस दिवस उकिडवे बसलो, तुम्हाला घरबसल्या मिळतंय आणि तरी वाचायचा कंटाळा. याचा मला राग येतो, खरंच येतो.

पुढच्या रविवारी सकाळी आठला ये, बाबांना आणू नकोस. शिरूरकडे तुमची जमीन आहे म्हणालीस, तिचा सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार काढून आण, एकही नंबर गाळू नकोस. आणि यायच्या आधी आजीला विचारून ये, आजोबांना बहिणी किती होत्या आणि त्या कुठल्या गावी दिल्या.

तुझा,
काका