वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक ब्लँकेट घेताना आणि वापरताना

प्रश्न : आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. निफाडला डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडे गोठतात. डबल बेडसाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्यायचे आहे. दुकानात हजार रुपयांपासून चार हजारांपर्यंत दाखवतात, दिसायला सगळी सारखीच. फरक कशात असतो? वडिलांना मधुमेह आहे. (निफाड)

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की करा. आपल्याकडे या नावाने जे विकले जाते ते बहुतेक वेळा गादीवर अंथरायचे असते, पांघरायचे नाही. गादी, त्यावर ब्लँकेट, त्यावर चादर आणि मग माणूस, असा क्रम. पांघरायचा प्रकार वेगळा असतो. अंथरायचे ब्लँकेट अंगावर घेतले की ते चुरगळते, आतली तार तार‍ेवर येते आणि तेवढाच भाग तापत राहतो. खोक्यावर कोणता प्रकार लिहिला आहे ते वाचूनच पैसे द्या.

दोघांसाठी घेताना दोन स्वतंत्र कंट्रोलर असलेलेच घ्या. एकाला ऊब हवी असते, दुसऱ्याला रात्री बारानंतर घाम फुटतो. एकच कंट्रोलर असला की भांडण ठरलेले. शिवाय तुमच्या घरी वडिलांची बाजू वेगळी हाताळावी लागणार आहे, ते पुढे येईलच.

किमतीतला खरा फरक आतल्या तारेत आणि कंट्रोलरमध्ये असतो. साध्या ब्लँकेटमध्ये एकेरी तापणारी तार आणि फार तर एक-दोन थर्मोस्टॅट, म्हणजे जास्त तापले की वीज तोडणारे भाग, असतात. थर्मोस्टॅट जिथे बसवला आहे तिथलेच तापमान त्याला कळते. चांगल्या ब्लँकेटमध्ये तार दुहेरी असते, एकावर एक गुंडाळलेली, मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. लांबीत कुठेही तार जास्त तापली तर तिथला थर वितळतो, दोन तारा टेकतात आणि कंट्रोलर वीज तोडतो. मग ते ब्लँकेट कायमचे बाद होते, पण गादी पेटत नाही. खोक्यावर ‘ओव्हरहीट प्रोटेक्शन’ एवढेच लिहिले असेल तर समाधान मानू नका. संरक्षण पूर्ण लांबीला आहे की एका ठिकाणी, हे माहितीपत्रकात पाहा. त्याशिवाय आपोआप बंद होणारा टायमर, उष्णतेच्या किमान तीन पातळ्या, आणि ब्लँकेटपासून सुटा करता येणारा कंट्रोलर हवा. तो सुटा होत नसेल तर ब्लँकेट धुण्याचा विषयच संपतो.

दुकानात ते पूर्ण उलगडून उजेडासमोर धरा. तारांच्या रांगा सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. दहा मिनिटे लावून तळवा सगळीकडे फिरवा. एखादाच पट्टा चटका देत असेल तर दुसरे मागा. मापाची काळजी नको. ६० × ६० इंचाचे डबल ब्लँकेट सहा फुटी गादीवर आखूड वाटते, पण ते खांद्यापासून पायांपर्यंतच हवे. उशीखाली जाता कामा नये, कारण तिथे उष्णता कोंडते. कोपऱ्यांना इलॅस्टिक किंवा बांधायच्या नाड्या असाव्यात, नाहीतर कुशी बदलताना ते गोळा होते. मेमरी फोमची गादी असेल तर तिचे माहितीपत्रक आधी पाहा. हा फोम उष्णता धरून ठेवतो आणि अनेक उत्पादक त्यावर असे ब्लँकेट घालू नका म्हणतात.

आता वडिलांबद्दल. मधुमेहात पायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर चटका लागतोय हे कळतच नाही. ४४ अंश सेल्सिअस म्हणजे हाताला फक्त कोमट-गरम लागते, पण तेवढ्याच तापमानाला त्वचा सलग सहा तास टेकली तर भाजते. म्हणून त्यांच्या बाजूचे ब्लँकेट झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी लावायचे, वर रजई पसरून ठेवायची म्हणजे ऊब उडत नाही, आणि ते आडवे होण्याआधी प्लग काढायचा. नुसता खटका बंद करून भागत नाही, का ते पुण्याच्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पुढची ऊब रजई आणि लोकरी मोजे सांभाळतात. गरम पाण्याची पिशवी सोबतीला नकोच, तिचाही तोच धोका, शिवाय गळाली तर पाणी थेट तारांवर.

प्रश्न : रूम हीटर आहेच. ब्लँकेटने बिल खरेच कमी येते का? (नागपूर)

उत्तर : खूपच. १०० वॅटचे डबल ब्लँकेट अर्धा तास पूर्ण ताकदीवर आणि पुढे सात तास निम्म्यावर चालवले तर ०.०५ अधिक ०.३५, म्हणजे ०.४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर रात्रीचे चार रुपये. २००० वॅटचा हीटर तेवढेच सात तास सलग चालला तर १४ युनिट, म्हणजे १४० रुपये. हीटरला १६ अँपिअरचे सॉकेट लागते, ब्लँकेट अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी ओढते.

मात्र ब्लँकेटने खोली गरम होत नाही. पहाटे नाक गारच राहणार. त्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणी ठेवत असेल तर ती आजच बाहेर काढा, तिच्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस दगावतो.

प्रश्न : ब्लँकेटवर झोपलेल्या मुलीला हात लावला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात. गंमत म्हणजे ब्लँकेट बंद असतानाही येतात! शॉक आहे का? (पुणे)

उत्तर : कोरड्या, धड असलेल्या ब्लँकेटवर जेमतेम जाणवणारी मुंगी हा बिघाड नाही. तारेत २३० व्होल्टची वीज आहे, तिच्यावर इन्सुलेशन (वीज अडवणारे आवरण) आणि त्यावर माणूस. हे एका कपॅसिटरसारखे, म्हणजे मध्ये आवरण असलेल्या दोन वाहकांच्या जोडीसारखे, वागते आणि अत्यंत सूक्ष्म प्रवाह अंगातून जातो. फरशीवर उभे राहून कोणी हात लावला की तो बोटाला कळतो.

बंद असताना का, याचे कारण खटका. बऱ्याच कंट्रोलरमध्ये खटका एकाच तारेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर हा खटका न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) येतो आणि बंद केल्यावरही सगळी तार फेजलाच (वीज आणणाऱ्या तारेलाच) जोडलेली राहते. प्लग काढून उलटा लावून पाहा, बंद असतानाच्या झिणझिण्या बहुधा जातील. झोपताना ब्लँकेट नको असेल तर बोर्डवरून प्लगच काढा.

हिसका बसला, ब्लँकेट दमट असले किंवा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा बोर्डवरचा स्विच) पडू लागला तर मात्र ते ब्लँकेट संपले. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर ब्लँकेटच्या आधी तो बसवून घ्या.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून ब्लँकेट पाठवतो म्हणतो. प्लग बदलून चालेल? (सांगली)

उत्तर : नाही. ते १२० व्होल्टचे असते. २३० वर लावले तर व्होल्टेज दुप्पटही होत नाही, पण उष्णता जवळजवळ पावणेचारपट होते. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन रात्रभर उशाशी गुणगुणत ठेवण्यात अर्थ नाही. इंग्लंडहून येणार असेल तर व्होल्टेज जुळते, पण तिथल्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो. प्लग कापला की तो गेला. तेव्हा अ‍ॅडॉप्टर वापरा, प्लग कापू नका.

प्रश्न : तीन वर्षांचे ब्लँकेट एका बाजूने गार राहते. इलेक्ट्रिशियन जोडून देतो म्हणतो. धुवायचे आणि ठेवायचे कसे तेही सांगा. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जोडून घेऊ नका. एक बाजू गार म्हणजे बहुधा तिथली तार तुटली आहे. जोड दिलेली जागा कडक होते, पुन्हा वाकते, ठिणगी पडते, आणि ही ठिणगी कापडात असते. कंट्रोलर सुटा असेल तर तेवढा कंपनीकडून बदलून पाहा. कापडावर तपकिरी डाग किंवा कनेक्टरपाशी जळका वास असेल तर तेही नको.

तार तुटते ती बहुधा घडीने. नवे घ्याल ते उन्हाळ्यात गुंडाळी करून ठेवा, वर गाद्या रचू नका. डांबरगोळ्या टाकू नका, ड्रायक्लीनिंगला देऊ नका; दोन्ही इन्सुलेशन खराब करतात. धुता येते असे लेबलवर लिहिले असेल तरच धुवा. कंट्रोलर काढून कोमट पाण्यात हलक्या हाताने, न पिळता, आणि आडवे पसरून सावलीत वाळवा. चिमटे तारेवर येऊ देऊ नका. लवकर वाळावे म्हणून ब्लँकेट चालू करणारेही असतात, ते कधीच करू नका. कनेक्टर आतून कोरडा झाला की मगच कंट्रोलर जोडा. त्याला दोन दिवस लागले तरी चालतील.