पासिंगला नापास झालेला टेम्पो मार्केट यार्डला न्यावा का?

प्रश्न : सासवड भागातून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी आणतो. टेम्पो नऊ वर्षांचा आहे. पासिंगला नेला, तर ‘ब्रेक एका बाजूला ओढतो, स्पीड गव्हर्नर चालत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवला. वेगाला मर्यादा घालणारा हा गव्हर्नर गेल्याच वर्षी बसवलाय. आधीच्या पासिंगची मुदत आता संपली. गाडी भाचा चालवतो, विमा चालू आहे. दुरुस्ती होईपर्यंत आठवडाभर फेऱ्या मारल्या तर चालेल का? एजंट म्हणतो, थोडे पैसे द्या, गाडी न नेता पास करून देतो.
– एक वाचक, फुरसुंगी

उत्तर : नाही चालणार. एक फेरीसुद्धा नको.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजेच पासिंग, नसलेली मालवाहू गाडी वैध नोंदणी नसलेली मानली जाते. त्यामुळे कलम १९२ लागतं : पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड, पुन्हा सापडलात तर पाच ते दहा हजार दंड, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. भाच्याला पुढे करून उपयोग नाही, चालवणारा आणि चालवू देणारा दोघंही त्यात येतात. संकटात सापडलेल्यांसाठी अन्न नेणाऱ्या गाडीला या कलमात सूट आहे, पण मार्केट यार्डाची मेथी त्यात बसवणं मला तरी जमणार नाही.

दंडाचं एकवेळ सोडा. भरलेला टेम्पो दिवे घाट उतरतोय आणि ब्रेक एका बाजूला ओढतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. धोकादायक दोष माहीत असताना गाडी चालवली किंवा चालवू दिली, तर कलम १९० खाली दीड हजार दंड आहे. त्या दोषामुळे कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही. ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय तपासणीनंतर तुम्हाला उरलेली नाही. चालू विम्यावरही विसंबू नका. फिटनेस नसणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये म्हटलं. पुण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणावर तो निकाल बंधनकारक नाही, पण विमा कंपनीचा वकील तो पुढे ठेवणारच. मग कंपनी जखमीला भरपाई देईल आणि तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येईल.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. प्रमाणपत्र नाकारलं तर कारणं मालकाला लेखी द्यावीत, असं कलम ५६ मध्येच आहे. तुम्ही तोंडी उत्तरावर परतलात. उद्याच दोन ओळींचा अर्ज द्या, ‘नाकारल्याची कारणे लेखी मिळावीत’, आणि पोच घ्या. कलम ५७ खालचं अपील आदेश कळल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं. कागद नसेल तर अपील कशावर करणार?

तरीही तुमच्या जागी मी आधी अपिलाकडे वळणार नाही. ब्रेकचा दोष खरा दिसतो, तिथे भांडण्यासारखं काही नाही, आणि अपील चालेपर्यंत टेम्पो दारात उभा राहील. टो करून गॅरेजला न्या, ब्रेकचं काम करा, पक्कं बिल घ्या. गव्हर्नर बसवणाऱ्याकडून तो तपासून घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र फाइलला लावा. मग फी भरून पुन्हा तपासणी मागा. गव्हर्नर चालत असूनही पुन्हा तोच शेरा आला, तर मात्र अपील कराच. नाकारल्याचा पहिला आदेश लेखी हातात पडला असेल, तर त्याचे ३० दिवस दुरुस्तीच्या गडबडीत उलटू देऊ नका.

एजंटच्या वाटेला जाऊ नका. कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली आरोपी होतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कुणी पैशासाठी अडवलंच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

तोवर भाजीसाठी दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घ्या. त्याच्या पासिंगची तारीख तेवढी आधी बघा.