बालकलाकार मोठी झाली, आता फोन येत नाहीत

प्रश्न : ताई, माझी लेक आठ-नऊ वर्षांची असताना एका सिरियलमध्ये होती, शूटिंग इथेच घोडबंदर रोडला, त्यामुळे शाळा सांभाळून जमायचं. तेव्हा बाजारात बायका तिचे गाल ओढायच्या, सेल्फी घ्यायच्या. आता ती सोळाची झालीय, ऑडिशनला गेली की लहान मुलीसाठी मोठी आणि हिरोइनसाठी लहान हेच ऐकायला मिळतं. हल्ली स्वतःचे जुने सीन मोबाईलवर बघत बसते. काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर : आधी तिला सांगा की यात तिचं काहीएक चुकलेलं नाही. कॉलेजातल्या मुलीचा रोल असला तरी प्रॉडक्शनवाले बरेचदा वीस-बावीसची मुलगी घेतात, परीक्षेची कटकट नको आणि बारा तासांची शिफ्ट लावता येते म्हणून.

सचिन पिळगावकरांचंच बघा ना, 'हा माझा मार्ग एकला' केला तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचे, १९७५ मध्ये 'गीत गाता चल'चे हिरो, आणि त्याच वर्षी 'शोले'त अहमदचा एवढासा रोल, तोही केलाच. पुढे १९८२ ला 'मायबाप'पासून डिरेक्शन, १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी', आणि २०१५ ला 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते डिरेक्शन, स्वतःचं काम स्वतः उभं करता येतं.

लेकीला कॉलेजच्या एकांकिकेत घाला, अगदी मनापासून सांगते. सिरियलच्या सेटवर लहान मुलांना कॅमेऱ्यामागून एकेक वाक्य प्रॉम्प्ट करतात, मूल तसंच्या तसं म्हणतं, कट, झालं. स्टेजवर असं चालत नाही, अख्खं पाठांतर, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज, आणि समोरचा वाक्य विसरला तर सावरून घ्यायचं. रोल नाही मिळाला तर लाइट्स बघू दे, म्युझिक ऑपरेट करू दे. आणि गडकरी रंगायतन जवळच आहे, नाटकं दाखवा तिला.

जुने सीन बघते तर बघू दे हो, तिचंच काम आहे ते, हिसकावून घेऊ नका.

आणि एक, पैशांचं. २०१७ च्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराच्या कमाईतले निदान २० टक्के तिच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी करावे लागतात, अठरा पूर्ण झाल्यावर ते तिला मिळतात. ती पावती आहे का घरात? नसेल तर प्रॉडक्शनला लेखी विचारा, जुनं अ‍ॅग्रीमेंट शोधून ठेवा, आणि आकडा तिलाही सांगा. अ‍ॅक्टिंगचा कोर्स करायचा की डिग्री, ते त्यातून तिचं तिला ठरवता येईल.