लॉकडाऊनमध्ये गरीब वस्त्यांतलेच लोक जास्त बाहेर का फिरत होते? त्यांना नियम कळत नव्हते का?

कळत होते हो, चांगलेच कळत होते. मी डोंबिवलीचा, त्यामुळे मुंबईपुरतंच बोलतो. घरात बसून राहायला पैसे लागतात. ज्यांचा पगार महिन्याला खात्यात जमा होतो आणि काम लॅपटॉपवर होतं ते (मी पण त्यातलाच) आरामात बसले, किराणा ॲपवरून मागवला, आणि तो आणून देणारा पोरगा मात्र बाईकवर गावभर फिरतच होता, त्याच्या जीवावर आपण नियम पाळले. नाक्यावरचा बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, भाजीवाला, यांनी किती दिवस बसून खायचं?

बरं घर तरी बसण्यासारखं पाहिजे ना. धारावीत अडीचेक चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांच्या वर माणसं, बहुतेकांना संडास सार्वजनिक. सकाळी उठल्यावर बाहेर पडावंच लागतं. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत सेरो सर्वे (रक्त तपासून किती लोकांना कोरोना होऊन गेला ते बघणारी पाहणी) झाला तेव्हा झोपडपट्टीत साधारण 57 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडीज सापडल्या आणि बाहेरच्या वस्तीत 16 टक्के, यावरून काय ते समजा.

आणि जिथे खरंच जायचं होतं, म्हणजे कामावर, तिथे जायला त्यांनाच साधन नव्हतं. कारवाले ई-पास काढून जात होते. लोकल मार्च 2020 ला बंद झाली ती जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेसाठी चालू झाली. सगळ्यांना मुभा मिळाली 1 फेब्रुवारी 2021 ला, ती पण सकाळी 7 च्या आधी, दुपारी 12 ते 4 आणि रात्री 9 नंतर. आता दहाच्या ड्युटीवाल्याने सातच्या आत गाडी पकडून तीन तास कुठे काढायचे आणि सहाला सुटल्यावर नऊपर्यंत काय करायचं, हे ठरवणाऱ्याने कधी लोकलने प्रवास केला असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या लाटेत ते पण गेलं. मग 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस आणि वर 14 दिवस झालेल्यांनाच लोकल. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये 84 दिवसांचं अंतर होतं. मे महिन्यात तरुणांना सरकारी केंद्रावर लस मिळेना, प्रायव्हेटमध्ये पैसे भरून मिळत होती, ज्यांनी ती घेतली ते ऑगस्ट-सप्टेंबरात गाडीत चढले. फुकटच्या लसीसाठी जूनअखेरपर्यंत थांबलेला माणूस हिशोबाने ऑक्टोबर उजाडेपर्यंत बसच्याच लाईनीत.