एकाच पावसातली दोन झाडं, एकालेच तांबेरा काऊन?

प्रश्न: आमचं गाव चिखलदऱ्याजवळ, घरामागं कॉफीची बारा-पंधरा झाडं आहेत, आजोबांनी लावलेली. यंदा पाऊस उघडल्यावर एका झाडाच्या पानाखाली नारंगी भुकटी दिसून राहिली, पानं गळून राहिली, अन तीन हातावरचं दुसरं झाड एकदम ठणठणीत. पोरगी बीएस्सी ॲग्रीले आहे, ते म्हणते बाबा त्याचे जीन ऑन झाले, याचे वेळेवर नाही झाले. मले काही समजलं नाही. जीन म्हणजे काय बटण आहे का? अन औषध मारून ऑन करता येते का?
— एक वाचक, चिखलदरा तालुका

उत्तर: भाऊ, पोरगी बरोबर सांगून राहिली. तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला ऑटो बसवला असेल ना, लाइट आली की मोटर आपोआप चालू होते, रात्री दोन वाजता कोणाला उठून जावं लागत नाही, तर जीन म्हणजे मोटर समजा अन ऑटो वेगळा. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळे जीन असतातच, पानात पण अन मुळात पण, पण कोणता कधी चालवायचा हे काही खास प्रथिनं ठरवतात, ती जीनच्या अलीकडच्या भागावर जाऊन बसतात अन मग जीन चालू होतो किंवा बंद पडतो.

आता तुमची नारंगी भुकटी. हा कॉफीचा तांबेरा, बुरशी आहे, नाव हेमिलिया व्हास्टाट्रिक्स. 1869 मध्ये सिलोनमध्ये (म्हणजे आताच्या श्रीलंकेत) सापडली अन तिथल्या कॉफीचे मळेच्या मळे तिनं संपवले, मग लोक चहाकडे वळले. पान उलटं करून बघा, वरून नुसता पिवळा डाग दिसतो, खालून बोट फिरवलं की बोटाला हळदीसारखं लागते. खालूनच काऊन, तर कॉफीच्या पानाची श्वासाची छिद्रं खालच्या बाजूलाच असतात, पान ओलं राहिलं की बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, तिथं रुजतो अन छिद्रातून आत घुसतो. ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते, मेलेल्या पेशीतून तिला काही मिळत नाही, अन हेच झाडाच्या कामी येते.

कसं, तर ठणठणीत झाडाजवळ या बुरशीला ओळखणारा जीन असतो, असे एसएच1 ते एसएच9 असे नऊ माहीत आहेत. ओळख पटली की आत निरोप जातो, सॅलिसिलिक आम्ल वाढते (ॲस्पिरिनच्या गोळीतलं औषध याच्याच घरातलं), बचावाचे कितीतरी जीन चालू होतात अन बुरशी जिथं शिरली त्याच्या आजूबाजूच्या आपल्याच पेशी झाड मारून टाकते, बुरशी उपाशी मरते. आजारी झाडातही यातले बरेच जीन आहेत बरं का, ते चालूही होतात, पण उशिरा अन कमी जोरानं, तोवर बुरशी पानात पसरलेली असते. मला या सगळ्यात ही उशिराची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पण ओळख कायमची राहत नाही. या बुरशीचे पन्नासहून जास्त प्रकार माहीत आहेत. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रानं काढलेली एस 795 ही कॉफीची जात बघा, तिच्यात लायबेरिका कॉफीकडून आलेला एसएच3 आहे, पुष्कळ वर्षं टिकली, पण बुरशीनं रूप बदललं की जुना पहारेकरी ओळखत नाही.

मग सगळे जीन कायम चालूच काऊन नाही ठेवत झाड? खर्च येतो ना भाऊ. बचावात गेलेली साखर फळात येत नाही. अन उन्हाळ्याचा ताण वेगळाच, जमीन सुकली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढते, त्यानं छिद्रं मिटतात, पाणी वाचवणारे जीन चालू होतात, पण छिद्रं मिटली की पान अन्नही कमी बनवते, अन पुष्कळदा हा पाण्याचा निरोप रोगाच्या निरोपाला दाबतो. म्हणून तहानलेलं अन फळांनी लदलेलं झाड तांबेऱ्याला लवकर बळी पडते. कधीकधी दोन झाडांत जातीचा फरक नसतोच, एक सावलीत असते, दुसऱ्यानं मागच्या साली भरभरून फळ दिलेलं असते.

औषधाचं विचारलं, तर झाडाला आधीच जागं करणारी रसायनं आहेत, पण कृषी केंद्रात "इम्युनिटी वाढवते" म्हणून जी बाटली देतात तिच्यात काय आहे हे वाचल्याशिवाय पैसे घालू नका. खात्रीचं काम बोर्डोचं, म्हणजे मोरचूद अन चुन्याच्या मिश्रणाचं. संत्र्याच्या डिंक्यावर बुंध्याला लावतो ती पेस्ट नाही, अर्धा टक्क्याचं पातळ मिश्रण, पावसाळ्याच्या आधी एक अन पाऊस उघडल्यावर एक, अन फवारा पानाच्या खालून गेला पाहिजे, वरून मारलं तर मेहनत वाया. बोर्डो जीनले हात लावत नाही, तो बीजाणूलाच रुजू देत नाही.

अन त्या ठणठणीत झाडाचं बी धरा. अरेबिका जातीची कॉफी बहुतेक स्वतःच्याच परागानं फळते, म्हणून रोपं आईवर जायची शक्यता चांगली, पण सगळीच जातील असं नाही, वीस लावा अन दोन पावसाळे पानं उलटून बघत राहा. पोरीले हाताशी घ्या, कोणत्या झाडावर किती फळ होतं हे तिला वहीत लिहायला सांगा, पुढच्या वर्षी तेवढं आम्हाला कळवा.