मांडे जगाला दाखवा, घराचं कुलूप नको

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहते. खापरावरचे मांडे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड यांचे व्हिडिओ अहिराणीत बोलून इन्स्टाग्रामवर टाकते. सुरत-पुण्याहून बिबड्यांच्या ऑर्डरी येतात. नातीचे, सणावारांचे फोटोही टाकते. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘घरातलं जगाला कशाला दाखवते? बंद कर.’ बंद करू का? – एक वाचक

उत्तर : ताई, मुळीच बंद करू नका. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेल्या खान्देशी माणसाला, हातावर फिरवून मोठा केलेला मांडा खापरावर पडताना बघायला मिळतो, तोही आपल्या बोलीत. शिवाय बिबड्यांचे पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यात येतात. मला याचं फार मोल वाटतं.

पण मुलाची काळजीही खोटी नाही. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला सगळे भाऊबंद गावी जमतात. त्याच दिवशी रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पंगतीचा फोटो टाकला, की पुण्याच्या फ्लॅटला कुलूप आहे हे आपणच सांगून बसतो. फोटो जरूर टाका, सगळे आपापल्या घरी पोचल्यावर.

नातीच्या बाबतीत मी कडक आहे. गणवेशातला, शाळेच्या नावाची पाटी किंवा रिक्षाचा थांबा दिसणारा फोटो नको. आंघोळीचा तर कितीही गोड असला तरी नको. स्टेटस 24 तासांत जातं, पण कुणी काढलेला स्क्रीनशॉट राहतो. तिच्या आईवडिलांना विचारा, आणि नात कळती असेल तर तिलाही. ती नको म्हणाली तर विषय संपला.

आता ऑर्डरी. बँकेला जोडलेला नंबर व्हिडिओत देऊ नका, धंद्याला वेगळं सिम घ्या. एखादा अनोळखी माणूस भाव न करता मोठी ऑर्डर देतो आणि म्हणतो, ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ तिथेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्या खात्यातून जातात. चुकून गेलेच तर लाजत बसू नका, त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा जास्त.

मुलगा या खेपेला गावी आला की त्याला कामाला लावा : नवं सिम सुरू करून दे, इन्स्टाग्रामला दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लाव आणि नातीचे जुने फोटो माझ्याजवळ बसून एकेक काढून टाक.